पासिंगला कोणती जुनी डिझेल व्हॅन कमी छळते? विंगर, ट्रॅव्हलर, मॅजिक आणि सुप्रो

पिवळ्या पाटीची जुनी व्हॅन बघायला गेलेला माणूस ॲव्हरेज विचारतो, इंजिन कधी उघडलंय का ते विचारतो, टायरला लाथ मारतो आणि भाव पाडायला सुरुवात करतो. पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र, कधी संपतंय, हे बहुधा टोकन दिल्यावर आठवतं. पुण्यात स्टाफ पिकअप, शाळा किंवा सहलींच्या कामासाठी डिझेल व्हॅन शोधत असाल, तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. निवड साधारण दोन जोड्यांतली आहे. मोठ्या गाड्यांत टाटा विंगर की फोर्स ट्रॅव्हलर, आणि छोट्यांत टाटा मॅजिक की महिंद्रा सुप्रो. मारुतीची ईको पेट्रोल-सीएनजीवाली, म्हणून ती इथे नाही.

आधी वयाचा हिशेब

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या व्यावसायिक गाडीला पहिलं फिटनेस दोन वर्षांचं मिळतं. आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी रिन्यू होतं, आठ ओलांडली की दरवर्षी. महाराष्ट्रात व्यावसायिक गाड्यांचा पर्यावरण करही आठ वर्षांनंतर लागतो. त्यामुळे सहा वर्षांची आणि नऊ वर्षांची व्हॅन शेजारी उभी असेल, तर किमतीतला फरक नुसता मॉडेलच्या सालाचा समजू नका. पहिलीचं पासिंग नुकतंच झालं असेल तर दोन वर्षं निवांत. दुसरीला दरवर्षी गॅरेजची तयारी, अपॉइंटमेंट आणि बुडालेली भाडी. हा खर्च तीन वर्षांचा धरून मांडलात, तर ‘स्वस्त’ व्हॅनचा भाव बऱ्याचदा पहिलीच्या जवळ येऊन ठेपतो. पंधरा वर्षांपुढे फिटनेसची फी चांगलीच चढते, तेव्हा त्या उंबरठ्यावरची व्हॅन कोणी फुकट दिली तरी मी दोनदा विचार करीन.

पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनला ही कटकट नाही. पंधरा वर्षांनी एकदा तपासणी, मग दर पाच वर्षांनी. पण तिच्यावर भाडं मारता येत नाही, आणि मारणाऱ्यांचं काय होतं ते जूनमध्ये शाळांच्या दारात दिसतं.

विंगर आणि ट्रॅव्हलर

ट्रॅव्हलर १९८७पासून रस्त्यावर आहे, तेव्हा आकुर्डीच्या कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं. मूळ आराखडा मर्सिडीजच्या व्हॅनचा. मागच्या चाकांना ड्राइव्ह, खाली चासीचे दणकट पट्टे, जुन्या गाड्यांना पुढेही पाटे (लीफ स्प्रिंग). इंजिन आधी मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, नंतर २.६ लिटरचं कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल फवारणारं. विंगर २००७ची, रेनोच्या ट्रॅफिकवरून बेतलेली. पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. सुरुवातीला १,९४८ सीसीचं इंजिन, पुढे २.२ लिटरचं कॉमन रेल.

बसायला विंगर सरस. खालची फळी, मऊ चाल, कारसारखं स्टिअरिंग. रोज हिंजवडीला जाणाऱ्या स्टाफला दोन्हीतली एक निवडायला सांगितली तर ते विंगरच निवडतील. पासिंगच्या बाबतीत मात्र माझं मत ट्रॅव्हलरला, आणि त्याचं कारण दोघी कशा म्हाताऱ्या होतात त्यात आहे.

ट्रॅव्हलरची दुखणी बाहेरून दिसतात. पाट्याचं पान तुटलंय, शॅकलचा बुश गेलाय, किंगपिन ढिला झालाय, क्रॉस वाजतोय, हँडब्रेकची वायर ताणलीय. सगळं सुटं निघतं, नाना पेठेत पार्ट मिळतो, आणि भोसरी-हडपसर पट्ट्यातला कुठलाही बरा मेकॅनिक बसवून देतो. पासिंगच्या आदल्या आठवड्यात गाडी आत घातली की काम होतं.

विंगरचं तसं नाही. ॲक्सलचा रबरी बूट फाटला की ग्रीस उडतं, आणि गाडीखाली वाकणाऱ्या निरीक्षकाला ते लगेच दिसतं. हे तरी किरकोळ. खरी भीती पत्र्याची. सांगाडा पत्र्याचाच असल्यामुळे दारांखालची पट्टी, चाकांच्या कमानी, मागच्या पाट्यांचे माउंटिंग यांना गंज लागला, तर ते डेंटिंग-पेंटिंगचं काम राहत नाही, गाडीच्या मजबुतीचा प्रश्न होतो. वरून पुटी आणि रंग मारून लपवलेला असा पत्रा बाजारात भरपूर आहे. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. चिकटत नसेल तिथे पुटी आहे.

म्हणजे विंगर घेऊच नये असं नाही. खालून कोरडी, पत्रा मूळचा असलेली विंगर पासिंगला काही त्रास देत नाही. फक्त तशी ओळखायला लिफ्टवर चढवून टॉर्च मारावा लागतो, आणि विकणारा ‘लिफ्ट कशाला, साहेब’ म्हणाला तर तिथून निघावं.

मॅजिक आणि सुप्रो

मॅजिक ही टाटाच्या छोट्या मालवाहू ‘एस’ची बहीण, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं साधं डिझेल. सुप्रो २०१५ची, ९०९ सीसी, तीही दोनच सिलिंडरची. मॅजिकचं इंजिन इतकं सोपं की बिघाड सापडायला वेळ लागत नाही, पण ताकद बेताची. सात-आठ माणसं भरून वर्षानुवर्षं सिंहगड रस्त्याचे चढउतार केलेली मॅजिक बहुधा धूर सोडायला लागलेली असते. सुप्रोला थोडा जास्त दम आहे, पण तिचा मेकॅनिक शोधावा लागतो. छोट्या अंतराच्या कामाला दोन्हींतली ज्या मालकाची बिलं सापडतील ती घ्या. इथे मॉडेलवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

धुराचा आकडा मागा

पीयूसी ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, स्लिपवरचा आकडा वाचा. डिझेलला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे प्रदूषणाचं मानक. बीएस ४च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस ४ला १.६२. बीएस ४ गाडीचा आकडा १.५ आला तर ती पास आहे, पण वर्षभराने नसेल. ०.६-०.७ असेल तर इंजिन अजून श्वास घेतंय.

इथे पुण्याची एक गंमत आहे. बीएस ४ देशभर एप्रिल २०१७मध्ये आलं, पण पुणे आणि सोलापूर ही एप्रिल २०१०मध्ये ते लागू झालेल्या तेरा शहरांत होती. त्यामुळे २०१०च्या दशकातल्या एकाच सालच्या दोन व्हॅन, एक पुण्यात नोंदलेली आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातली, वेगळ्या मानकाच्या असू शकतात. अंदाज करू नका, आरसीवर काय लिहिलंय ते बघा. जुन्या मानकाच्या गाडीची पीयूसीही सहा महिन्यांचीच असते, बीएस ४पासून पुढच्यांची वर्षाची.

जुन्या पंपवाल्या इंजिनांत एक लबाडी चालते. पंपाचं डिझेल कमी करून ठेवतात, धूर घटतो, स्लिप झकास येते, आणि गाडी चढाला मरते. उपाय सोपा आहे. माणसं बसवून कात्रजचा जुना घाट चढवा. तिसऱ्या गिअरला धापा टाकत असेल तर आकडा खोटा आहे. कॉमन रेलमध्ये ही युक्ती सहज जमत नाही, तिथे नोझल, टर्बोचे पाइप आणि ईजीआर (धूर थोडा परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बघावे लागतात, आणि बिल मोठं येतं. निळा धूर दोन्हीकडे वाईट, तो ऑइलचा. बीएस ६ व्हॅन आता सेकंडहँडमध्ये येऊ लागल्या आहेत. डीपीएफवाली, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असलेली, घेत असाल तर आधीच्या मालकाने ती नुसती पेठांत फिरवली की हायवेवरही, ते विचारा. छोट्या फेऱ्यांत फिल्टर चोंदतो.

गाडी आधी कुठे राबली

माझ्या मते मॉडेलपेक्षा हे महत्त्वाचं. आयटी कंपन्यांच्या पिकअपची व्हॅन खूप किलोमीटर चाललेली असते, पण रोज चाललेली, आणि कंत्राटातल्या तपासणीमुळे बहुधा वेळेवर सर्व्हिस झालेली. क्लच, सीट, दारांचे रूळ झिजलेले, बाकी ठीक. स्कूल व्हॅन कमी चाललेली असते आणि त्यावरच विकली जाते, पण उन्हाळाभर उघड्यावर उभी राहून तिचे रबर, व्हील सिलिंडर आणि बॅटरी गेलेले असतात. महाबळेश्वर-कोकण करणाऱ्या सहलीच्या व्हॅनचे ड्रम आणि लायनर आधी बघा. सतत घाटात ब्रेक तापून ड्रमला निळसर डाग पडतात.

पाटीवरचा क्रमांकही बोलतो. पुण्याची एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडची एमएच १४ गाडी कोरड्या हवेत वाढलेली. रत्नागिरीची एमएच ०८ किंवा मुंबईच्या बाजूची घेत असाल तर खाऱ्या हवेचा हिशेब धरा, विशेषतः विंगरमध्ये. आणि चासी नंबर जिथे कोरलाय ती जागा घासून वाचा. गंजामुळे नंबर वाचता येत नसेल तर बाकी गाडी नवरीसारखी सजवली तरी पासिंग अडतं.

ट्रॅकवर काय घडतं

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक असणं राज्यातल्या आरटीओंना बंधनकारक झालं. पुण्याचा ट्रॅक सासवड रस्त्यावर दिव्याला आहे, आळंदी रस्त्यावरही तपासणी होते. आपल्याला कुठे जायचंय ते अपॉइंटमेंटच्या स्लिपवर बघा. दिव्याला जायचं म्हणजे दिवे घाट चढायचा. कूलंट कमी असलेली व्हॅन ट्रॅकवर पोचायच्या आधीच नापास होते.

तिथे गाडी एका बाजूला ओढते का, हँडब्रेक धरतो का, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, वायपर, हॉर्न, इंडिकेटर हे सगळं बघतात. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. काचेला काळी फिल्म नको, पुढच्या-मागच्या काचेतून ७० आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड जायलाच हवा. स्वयंचलित केंद्रात गेलात तर रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मशीन वेगळा मोजतं. एका बाजूचा लायनर बदलून दुसरा तसाच ठेवण्याची आपली काटकसर तिथे कागदावर उमटते.

कागदांत जास्त जण अडकतात

यांत्रिक दोष एका दिवसात निघतो, कागदाचा महिना खातो. आरसीवर जितक्या सीट, तितक्याच आत हव्यात. ट्रॅव्हलरमध्ये मागे बाक वाढवणं आणि मॅजिकमध्ये फळी टाकणं सर्रास चालतं, काढल्याशिवाय गाडी नेऊ नका. रिफ्लेक्टर टेप मान्यताप्राप्त हवी, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. स्पीड गव्हर्नर लागू असेल तर चालू हवा. १ जानेवारी २०१९पासून नोंदलेल्या प्रवासी गाड्यांत ट्रॅकर आणि पॅनिक बटण असतं. आधीच्या मालकाने त्याचं रिचार्ज सोडून दिलं असेल तर तो खर्च तुमच्या गळ्यात. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी बसवली आहे ना, तेही बघा. मग कर, विमा, परमिट, बँकेचा बोजा आणि ई-चलन. पुण्यात स्टाफची व्हॅन म्हणजे चलनांची माळ असतेच, ती सौद्याआधी ऑनलाइन मोजून किमतीतून वजा करा.

कोणी काय घ्यावं

कंपनी पिकअपसाठी, तेही पाच-सहा वर्षं चालवायची असेल, तर आठ वर्षांच्या आतली ट्रॅव्हलर. प्रवाशांच्या आरामावरच कंत्राट मिळणार असेल तर विंगर, पण एमएच १२ किंवा १४ची आणि लिफ्टवर बघितलेली. सहलींना ट्रॅव्हलरच. सोसायटीतली मुलं तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेत सोडायची असतील तर मॅजिक-सुप्रो पुरते. मात्र शालेय वाहतुकीला २०११ची राज्याची नियमावली वेगळी लागते, आणि साधी टुरिस्ट व्हॅन घेऊन तिला शाळेची करायची म्हटलं तर परमिटपासून सुरुवात होते. आधीच शालेय परमिटवर असलेली व्हॅन थोडी महाग पडली तरी घ्या.

सौदा करताना एक अट घाला. ज्या व्हॅनचं पासिंग दोन-तीन महिन्यांत संपतंय, ती मालकाने स्वतःच्या नावावर पास करून द्यावी, खर्च हवा तर निम्मा तुम्ही उचला, आणि उरलेली रक्कम नवं प्रमाणपत्र हातात आल्यावर. ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे तो याला तयार होतो. स्कूल व्हॅन असेल तर ही बोलणी मार्च-एप्रिलमध्येच उरका. शाळा सुरू होण्याआधी सगळे एकदम अपॉइंटमेंटसाठी धावतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासिंगविना उभ्या असलेल्या व्हॅनला पालक थांबत नाहीत.