लॅटेक्समधला मोकळा पीव्हीए मोजायला स्टर्ड सेल घ्यावा का? माझा अनुभव

लॅटेक्समध्ये, म्हणजे पॉलिमरचे बारीक कण पाण्यात पसरलेल्या इमल्शनमध्ये, पाण्यात विरघळलेला मोकळा पॉलिमर (उदा. पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) नेमका किती आहे हे मोजायचं म्हटलं की सगळे आधी जीपीसी (पॉलिमरच्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारं यंत्र) कुठलं, कॉलम कुठला यावर बोलायला लागतात, पण खरी गोची त्याच्या आधीच होते, कण आणि सिरम (कणांभोवतीचं पाणी) वेगळं करताना. त्यासाठी आमच्या लॅबमध्ये २०० मिलीचा स्टर्ड अल्ट्राफिल्ट्रेशन सेल (दाबाखाली मेंब्रेनमधून गाळणारं, आत स्टरर फिरणारं भांडं) आहे आणि तो आता जवळजवळ रोज चालतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं. सेंट्रिफ्यूजमध्ये पॉलिव्हिनाइल अॅसिटेट नीट खाली बसतं कारण त्याची घनता १.१९ च्या आसपास, पण स्टायरीन-ब्युटाडाईनची घनता पाण्याच्या इतकी जवळ की कितीही फिरवा, वर दुधाळच राहतं. सेलमध्ये हा प्रश्नच येत नाही, कण मेंब्रेनच्या वर, सिरम खाली. मेंब्रेनच्या अगदी वर लटकून फिरणारा स्टरर ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, त्याच्यामुळे कणांचा थर लवकर जमत नाही. प्रेशर मात्र कमी ठेवा. घाई करून वाढवलंत की थर दाबला जातो, फ्लो जवळपास बंद पडतो आणि वर तो थर पॉलिमरही अडवायला लागतो.

आता राग येण्यासारखी गोष्ट. सोबतच्या माहितीपत्रकात पॉलिमरच्या कामासाठी १० किलोडाल्टनचं (साधारण १० हजारांपेक्षा जास्त मॉलिक्युलर वेटचं अडवणारं) मेंब्रेन सुचवलंय!! अहो, इमल्शनमधल्या पीव्हीएचं मॉलिक्युलर वेट ३० हजारांपासून लाखाच्या वर जातं, ते या मेंब्रेनमधून खाली येणारच नाही, सगळं वर अडकणार आणि रिपोर्टमध्ये मोकळा पॉलिमर शून्य दिसणार. भोक पॉलिमरला जाऊ देणारं आणि कणाला अडवणारं पाहिजे, म्हणजे पीव्हीएने स्टेबिलाइज केलेल्या जाड कणांना ०.१ मायक्रॉनचं ट्रॅक-एच्ड पॉलिकार्बोनेट छान चालतं, ८०-१०० नॅनोमीटरचं अॅक्रिलिक असेल तर ०.०५ घ्या. सिरम आलं की अंधारात लेझर पॉइंटर मारून बघा, किरण ठळक दिसला तर बहुतेक कण निसटलेत. आणि सॅम्पल लावण्याआधी माहीत असलेल्या कॉन्सन्ट्रेशनचं पीव्हीएचं द्रावण त्याच मेंब्रेनमधून काढून रिकव्हरी तपासा, ही पायरी वगळली तर पुढच्या आकड्याला काही अर्थ नाही.

मला हा सेल मनापासून आवडतो तो सिरम रिप्लेसमेंटसाठी. वरून पाणी सोडत राहायचं, आतला व्हॉल्यूम कायम ठेवायचा, खाली येणारं थोडं थोडं वेगळं गोळा करायचं. फक्त मोकळा पॉलिमर असेल तर आतल्या द्रवाच्या एका व्हॉल्यूमइतकं पाणी गेल्यावर कॉन्सन्ट्रेशन ३७ टक्क्यांवर येतं, तीन व्हॉल्यूमनंतर ५ वर, लॉग ग्राफ सरळ रेषेत उतरतो. आमच्या एका सॅम्पलला सुरुवातीला अगदी तशी रेषा आली आणि मग शेपटी लांबतच गेली, म्हणजे कणांवर चिकटलेला पीव्हीए सुटून हळूहळू पाण्यात येत होता. मोकळा किती आणि सैल चिकटलेला किती हे असं एकाच रनमध्ये दिसतं, नुसतं सेंट्रिफ्यूज करून हे कळलं नसतं. ग्राफ्ट झालेला, म्हणजे कणाशी रासायनिक बंधाने जोडलेला, मात्र यात येत नाही, तो कणावरच राहतो.

पुढचं मोजमाप आम्ही बोरिक अॅसिड आणि आयोडीनने करतो, निळसर हिरवा रंग येतो, ६५० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात वाचायचा. कॅलिब्रेशन त्याच ग्रेडच्या पीव्हीएवर करा कारण ८८ टक्के हायड्रोलाइज्ड आणि ९८ टक्केवाला यांचा रंग सारखा येत नाही, आणि सॅम्पल गरम असेल तर रंग फिका पडतो. एचईसी (हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज) असेल तर ही टेस्ट उपयोगाची नाही. सिरम नुसतं ओव्हनमध्ये सुकवून वजन घेणाऱ्यांना एकच विनंती, त्यात सर्फॅक्टंट आणि मीठही आहे, ते पॉलिमर म्हणून धरू नका. कार्बॉक्सिलेटेड लॅटेक्सवाल्यांनी पीएच लिहून ठेवावा, पीएच वाढवला की अॅसिडवाल्या साखळ्या कणावरून पाण्यात उतरतात आणि आकडा बदलतो.

सेल लगेच धुवा, ओ-रिंगच्या खाचेत लॅटेक्स सुकलं की फिल्म बसते आणि खरवडून काढताना रिंग चिरते, तेव्हा ऑर्डर देतानाच जादा ओ-रिंगा मागवून घ्या.