डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग: काही महिने वापरून झाल्यावर

आमच्या गाडीची डावीकडची दोन्ही दारं आणि पुढचा बंपर रिपेंट झालाय, बाकी सगळा कंपनी पेंट. नंतर पूर्ण गाडीला एकदमच, एकच सिरॅमिक कोटिंग (पेंटवर लावून कडक होणारा पातळ पारदर्शक थर) मारून घेतलं, त्यामुळे तेच ऊन, तोच पाऊस, तीच धूळ खाऊन जुना पेंट आणि नवा पेंट कसे टिकतात हे शेजारीशेजारी बघायला मिळालं. कोटिंगचे रिव्ह्यू ढीगभर आहेत पण ते बहुतेक नव्याकोऱ्या गाडीचे असतात, म्हणून हे लिहितोय.

आधी थांबण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. बॉडीशॉपवाला म्हणाला गाडी बूथमध्ये (रंगकामाच्या बंद, गरम खोलीत) बेक झालीय, उद्या कोटिंग करा. डिटेलिंगवाला म्हणाला निदान महिनाभर हात लावू नका. मला दुसऱ्याचं पटलं. कंपनीत रंग मारतात तेव्हा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, वायरिंग नाही, सीट नाही, प्लास्टिक नाही, त्यामुळे तो १४० डिग्रीच्या आसपास भाजता येतो. गॅरेजमध्ये अख्खी गाडी बूथमध्ये जाते, तिथे ६० डिग्रीला अर्धा तास वगैरे, त्याच्यावर नेता येत नाही. म्हणजे हाताला पेंट सुकलेला लागला तरी आत हार्डनरचं, म्हणजे पेंट कडक करणाऱ्या रसायनाचं, काम चालूच असतं आणि उरलेला थिनर पुढे कित्येक आठवडे हळूहळू उडत राहतो. त्याच्यावर घट्ट थर बसवला की तो थिनर आत कोंडतो, मग पेंट मऊ राहतो, चमक मरते, कधीकधी बारीक फोडही येतात. काही कोटिंग कंपन्या बेक केलेल्या पेंटला कमी दिवस चालतील म्हणतात, पण बहुतेक सगळीकडे ३० दिवस तरी सांगतात आणि वॅक्सलाही तेच लागू. तोपर्यंत नुसतं पाणी आणि पीएच न्यूट्रल शॅम्पू.

थांबल्याचा अजून एक फायदा झाला जो मला कोणीच सांगितला नव्हता. डिलिव्हरीच्या दिवशी दार आरशासारखं होतं, आणि काही आठवड्यांनी तिरक्या उन्हात बघितलं तर पुट्टीची कड आणि घासकामाचे बारीक ओरखडे दिसायला लागले! थिनर उडतो तसा पेंट आकसतो आणि खालचं सगळं वर उमटतं. गाडी परत नेली, त्यांनी कुरकुर न करता २००० आणि ३००० नंबरच्या बारीक सँडपेपरने पाणी मारून घासून पॉलिश करून दिली. ओरखडे गेले, कड अगदी शोधली तरच दिसते. हेच कोटिंगखाली गेलं असतं तर कोटिंग काढा, घासा, परत कोटिंग मारा. घासायच्या आधी जाडीचं मीटर मात्र लावून घ्या. आमच्या छतावर ११०-१२० मायक्रॉन आलं आणि दारावर २५० च्या वर, म्हणजे घासायला थोडी जागा होती. प्लास्टिक बंपरवर हे साधं मीटर चालत नाही, तिथे सगळं कारागिराच्या हातावर.

प्रत्यक्ष कोटिंगचं काम काही विशेष नाही, पॅनल वाइपने तेलकटपणा काढायचा, थोडं थोडं लावायचं, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की पुसायचं. पुसायचं राहिलं तर तिथे डाग कडक होतो आणि मग पॉलिश मशीनशिवाय निघत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

आता इतक्या महिन्यांनी काय राहिलंय? दारं आणि छत यात मला काहीही फरक दिसत नाही, दोन्हीवर पाणी अजून मोत्यासारखं गोळा होऊन पळतं, धूळ नुसत्या प्रेशरने बरीच निघते. बंपर मात्र आळसावलाय, तिथे पाणी तसं पळत नाही. किडे, रस्त्याची कच, ब्रेकची पावडर सगळं तोच खातो. आयर्न रिमूव्हरने (लोखंडाची पावडर विरघळवणारं क्लीनर) धुतला तेव्हा पाणी पळणं निम्मं तरी परत आलं, म्हणजे कोटिंग गेलं नव्हतं, वर घाण बसली होती.

पक्ष्यांची विष्ठा पडली तर कोटिंग फक्त थोडा वेळ मिळवून देतं. बोनेटवर दुपारभर उन्हात राहिली तर कोटिंग असूनही पुसट डाग राहिलाच. क्षारवाल्या पाण्याचं तर उलटंच आहे, थेंब गोळा होऊन जागीच सुकतात आणि गोल पांढरे डाग पाडतात, त्यामुळे धुतल्यावर लगेच कोरडी करावीच लागते. कंटाळा येतो खरं सांगायचं तर.

आणि कोटिंगच्या कडकपणाबद्दल ते ९एच ९एच जे ओरडतात ती ९एच पेन्सिलने ओरखडून घेतलेली टेस्ट असते, उडणाऱ्या दगडाच्या माराशी तिचा संबंध नाही. थर जेमतेम मायक्रॉनभराचा. बंपरला कचीचे टवके उडालेत, कोटिंगसकट. तिथे १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ (पेंटवर चिकटवायची जाड पारदर्शक संरक्षक फिल्म) लागते, पण रिपेंटवर पीपीएफ म्हणजे वेगळी भानगड, खालचा पेंट नीट धरलेला नसेल तर पुढे फिल्म काढताना तोच सोलून येऊ शकतो, बसवणारे आधीच हात वर करतात. आमच्या बंपरला म्हणून नाही लावली.

हे टवके दुरुस्त करायला बंपर कधीतरी परत रंगवावा लागेलच, तेव्हा कोटिंग आहे हे पेंटरला आधीच सांगायचं ठरवलंय. ते पूर्ण घासून काढलं नाही तर नवा रंग धरत नाही किंवा माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि मग महिनाभर थांबणं परत पहिल्यापासून.