संसर्गाच्या आजारात काउंटर की घर: एका रोखपालाने केलेली तुलना

अंथरुणावरून उठताच येत नसेल, तर कामावर जावे की नाही हा प्रश्न पडत नाही. तो पडतो अंगात कणकण असूनही चालता येते, डोळे लाल असूनही दिसते, खोकला असूनही गोळीने तो दोन तास दबतो, अशा मधल्या अवस्थेतल्या सकाळी. मी एका तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँकेच्या शाखेत रोखपाल आहे आणि हे दोन्ही मार्ग मी स्वतः चालून पाहिले आहेत. जुलै २०२३ मध्ये डोळे आले तेव्हा मी रोज कामावर गेलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लू झाला तेव्हा सहा दिवस घरी राहिलो. आजार वेगळे होते आणि दिवसही वेगळे होते, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोललेली आहे असा माझा दावा नाही. तरीही दोन्हींपैकी एका अनुभवाचे पारडे माझ्यापुरते जड झाले आहे, आणि ते का झाले हे सांगितल्याने कोणाला निर्णय घेणे सोपे जाईल असे वाटते.

कामावर जाण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते हलक्यात घेऊ नये. पहिला मुद्दा रजेचा. खासगी दुकाने, कार्यालये व इतर आस्थापनांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा जो कायदा आहे, त्यात (२०२५ मधल्या बदलानंतर) वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. आजारपणासाठी वेगळी रजा त्यात नाही. अर्जित रजा साठवलेली असते ती बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी किंवा गावच्या जत्रेसाठी, आणि ती तापात झोपून घालवायची म्हटले की जिवावर येते. दुसरा मुद्दा कामाच्या ओढीचा. त्या जुलैमध्ये आमच्याकडे गर्दी होती, कारण १९ मे रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले होते आणि एका वेळी २०,००० रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून मिळत असल्याने तीच माणसे पुन्हा पुन्हा रांगेत दिसत होती. तिसरा मुद्दा किल्लीचा. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक शाखाधिकाऱ्यांकडे आणि दुसरी माझ्याकडे असते, दोन्ही लागल्याखेरीज तिजोरी उघडत नाही, आणि किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची तर नोंदवहीत दोघांच्या सह्या लागतात. तेव्हा किल्ली देण्यासाठी तरी मला शाखेत जावेच लागणार होते, आणि एकदा गेल्यावर शाखाधिकारी सहजपणे म्हणाले, “डोळेच आलेत ना? गॉगल लावून बसा, चार दिवसांचा प्रश्न आहे.” मीही बसलो. खरे सांगायचे तर त्या वेळी ते मला सोयीचेच वाटले.

आळंदीत शाळकरी मुलांमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसलेली डोळ्यांची साथ त्या महिन्यात राज्यभर पसरत होती, आणि तिच्यामागे अ‍ॅडिनोव्हायरस असल्याचे वर्तमानपत्रांतून वाचनात येत होते. त्यामुळे काळा गॉगल लावलेला रोखपाल पाहून कोणाला नवल वाटत नव्हते. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले की आपलेही येतात, ही आपल्याकडची जुनी समजूत. गॉगलने तिचे समाधान होते आणि उजेडही कमी टोचतो. संसर्ग मात्र नजरेने जात नाही. तो हाताने, टॉवेलने, रुमालाने आणि दोघांनी हाताळलेल्या वस्तूने जातो. हे मला ठाऊक होते. डॉक्टरांनी सांगितले होते की डोळ्याला हात लावायचा नाही, आणि लागलाच तर लगेच साबणाने धुवायचा. मी मान डोलावली होती, कारण ऐकायला ते अगदी सोपे होते.

माझा निर्णय पुढे ज्या एका कटकटीने फिरवला ती नेमकी इथे सुरू होते. आमच्या शाखेत बेसिन मागच्या बाजूला, नोंदवह्यांच्या खोलीपलीकडे आहे. रोखपालाला केबिनमधून उठायचे असेल तर हातातली गड्डी मोजून संपवावी लागते, काउंटरवरची रक्कम आत घ्यावी लागते, ड्रॉवरला कुलूप घालावे लागते, केबिनचे दार ओढून घ्यावे लागते, आणि मग बेसिनपर्यंत जाऊन येऊन हीच सगळी क्रिया उलट्या क्रमाने करावी लागते. एका हात धुण्याला चार ते पाच मिनिटे सहज जातात. डोळ्यांची खाज मात्र पाच मिनिटांचा हिशेब पाळत नाही. ती गड्डी अर्धी मोजून झालेली असतानाच येते, आणि बोट पापणीवर केव्हा गेले हे ते परत नोटांवर आल्यावरच कळते. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा उठलो. दुसऱ्या दिवशी सहा वेळा. रांगेतल्या एका म्हातारबाबांनी विचारले, “साहेब, सारखं कुठं जाताय? आमची एसटी सुटंल की.” त्यांचे चुकत नव्हते, आणि त्यानंतर उठायला मला संकोच वाटू लागला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीखेरीज मी एकदाही उठलो नाही.

टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती, असे कोणी म्हणेल. होती, आणि मी ती वापरलीही. परंतु या जातीच्या विषाणूवर अल्कोहोलचा परिणाम साबण-पाण्याइतका भरवशाचा नसतो, शिवाय कोरड्या पृष्ठभागावर हा विषाणू कित्येक दिवस टिकू शकतो. आता माझ्यासमोरच्या वस्तूंचा विचार करावा: बोट ओले करण्याचा स्पंज, दोऱ्याने बांधलेले ग्राहकांचे पेन, पासबुके, व्हाउचरांचा गठ्ठा आणि दिवसभर एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या नोटा. नोटा मोजण्याचे यंत्र आमच्याकडे आहे, पण फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या आणि ओलसर नोटा शेवटी हातानेच वेगळ्या काढाव्या लागतात. मी ग्राहकांचे पेन उचलून ठेवले आणि आपापले आणा असे सांगू लागलो. त्यानंतर लोक माझ्या खिशातले मागू लागले.

त्या आठवड्यात काम किती झाले असे विचाराल, तर रोजच्याइतके झाले, परंतु दोन संध्याकाळी रोकड पहिल्या फटक्यात जुळली नाही. एकदा ५०० रुपयांचा फरक शोधण्यात साडेसात वाजले आणि शेवटी तो माझ्याच लिहिण्यातला निघाला. डोळ्यांतून पाणी येत असताना आकड्यांचे काम करणे हा शहाणपणा नव्हता, एवढे म्हणून तो विषय सोडतो, कारण मला अधिक लागलेली गोष्ट निराळी आहे.

आमच्या शाखेचे पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करणारे एक एजंट रोज संध्याकाळी माझ्याच काउंटरवर भरणा करतात. दीडशेच्या वर दुकाने ते फिरतात आणि त्यांची कमाई जमा झालेल्या रकमेवरच्या कमिशनची. फिरले नाहीत तर मिळकत नाही. दहा दिवसांच्या आत त्यांचे दोन्ही डोळे आले. साथ गावभर होती, त्यांच्या घरात शाळेत जाणारी मुले होती, तेव्हा ते माझ्यामुळेच झाले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि त्यांनीही तसे कधी सुचवले नाही. पण दुकानदार त्यांना लांबूनच “आज नको, पुढच्या आठवड्यात या” म्हणू लागले आणि त्यांचे सहा दिवस बुडाले. माझे पाच दिवसांचे वेतन आणि पाच दिवसांची रजा, दोन्ही शाबूत होते.

आता दुसरी बाजू. घरी राहणे वाटते तितके सुखाचे नसते, हे आधीच सांगितलेले बरे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्री थंडी वाजून ताप आला, सकाळी अंग मोडून आले, आणि या वेळी मी शाखेत फक्त किल्ली देण्यासाठी गेलो. तोंडाला मास्क लावून, शाखा उघडण्याच्या अर्धा तास आधी, शाखाधिकाऱ्यांना फोन करून गेलो. पर्यायी रोखपालाच्या समोर नोंदवहीत सही केली, किल्ली पुसून टेबलावर ठेवली आणि दहा मिनिटांत परतलो. त्यानंतरचे दोन दिवस फोन वाजत राहिला: अमुक शिक्का कुठे आहे, नाण्यांच्या पिशव्या कोणत्या कपाटात आहेत, कालच्या एका व्हाउचरवर सही का नाही. तापात असे फोन घेणे कष्टाचे होते, आणि त्यात थोडा अपराधीपणाही मिसळलेला होता. घरी आई आहे, वय ७४. बँकेतल्या शंभर जणांना वाचवण्यासाठी तिच्या शेजारच्या खोलीत जाऊन पडणे हा कोणता हिशेब, असे पत्नीने विचारले, आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. खिडकी उघडी ठेवून, ताट-भांडे वेगळे करून आणि आईला त्या खोलीत येऊ न देऊन आम्ही निभावले.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. फ्लूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देऊ शकतो. म्हणजे ताप चढण्याच्या आदल्या दिवशी मी काउंटरवर होतो तेव्हाच थोडेफार वाटप होऊन गेले असणार. घरी राहिल्याने सगळे टळते असे मुळीच नाही. तरीही सर्वाधिक खोकला आणि शिंका पहिल्या तीन-चार दिवसांत होत्या आणि ते दिवस मी काचेच्या त्या खिडकीआड काढले नाहीत, याचे मोल मला बरेच वाटते. शिवाय डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी जाता आले. फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते. मला ते द्यावे लागले नाही, पण कामावर असतो तर तिसऱ्या दिवसाआधी दवाखान्याची पायरी चढलो नसतो, एवढे मी स्वतःला ओळखतो.

आजार कोणता यावर बरेच अवलंबून असते, हे अर्थातच मान्य. कांजिण्यांच्या बाबतीत मला तर दुसरा पर्याय दिसतच नाही: पुरळाच्या आधी एक-दोन दिवसांपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्या पसरतात, आणि कार्यालयात कोणी गरोदर असेल तर धोका दोन जिवांना असतो. डेंग्यू माणसाकडून माणसाकडे असा थेट जात नाही, त्यामुळे तिथे विश्रांती घ्यायची ती स्वतःसाठी. क्षयाचे नाव ऐकून लोक दचकतात, पण योग्य औषधोपचार नेमाने सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांचा संसर्ग देण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या माणसाला महिनोन्‌महिने कामापासून दूर ठेवण्याचे कारण उरत नाही.

कामाचे स्वरूपही पाहावे लागते. ज्यांना घरून काम करता येते त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल, मात्र तापात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसण्याला विश्रांती म्हणू नये. मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी आजारी माणसाला आतल्या खोलीत कागदपत्रांच्या कामावर बसवतात. वेगळी खोली, जवळ बेसिन आणि स्वतःचे टेबल असेल तर डोळ्यांच्या साथीत हे चालून जाईल असे वाटते. फ्लूमध्ये बंद वातानुकूलित खोलीत ते चालेल असे मला वाटत नाही. आणि ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना घरी बसा असे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारी माणसाला फारसा नाही. एवढे मात्र त्यांच्यापैकी अनेकांना कोणी सांगत नाही की दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेला कामगार पात्रतेच्या अटी पूर्ण करत असेल, तर प्रमाणित आजारपणात त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळू शकतो. पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत, आणि दाखला वेळेवर घ्यावा लागतो.

माझा कल आता लपून राहिलेला नाही. तरी तो सरसकट सर्वांना लागू करू नये; प्रत्येकाने आपल्या खुर्चीवर बसून एकदा बेसिनकडे पाहावे. हात डोळ्याला किंवा नाकाला लागल्याबरोबर उठता येत असेल, समोरचा माणूस हातभर दूर असेल आणि वस्तूंची देवघेव नसेल, तर सौम्य आजारात काळजी घेऊन जाण्याला मी चूक म्हणणार नाही. पण वाहक, शिक्षक, परिचारिका, हॉटेलातला वाढपी, दुकानातला विक्रेता आणि माझ्यासारखा रोखपाल यांना हवे तेव्हा उठता येत नाही, आणि अशा खुर्चीवर बसून घेतलेली काळजी दुपारपर्यंतच टिकते, असा निदान माझा अनुभव आहे.

परत केव्हा जावे याविषयी मी पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप नसणे ही खूण धरली. डोळ्यांच्या वेळी पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत थांबायला हवे होते, ते मी केले नव्हते. फ्लूनंतर सातव्या दिवशी शाखेत गेलो तेव्हा पर्यायी रोखपालाने माझा ड्रॉवर आपल्या पद्धतीने लावून ठेवला होता, दहाच्या नोटा विसांच्या जागी होत्या, आणि एका जुन्या व्हाउचरबद्दल थोडी बोलणीही खावी लागली. खोकला थोडा शिल्लक होता म्हणून मास्क ठेवला होता. नोंदवहीत किल्ली परत घेतल्याची सही केली, केबिनमध्ये बसलो, आणि त्या दिवशी बेसिनकडे जेवणाआधी एकदाच गेलो.