वाडा पाडताना सापडलेली पुतळ्यांची माळ

नागपुरातल्या महाल, इतवारी, गांधीबाग, सक्करदरा या भागांत राहणाऱ्यांसाठी, आणि त्यातही ज्या घरात दोघंच म्हातारे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जुना वाडा पाडताना भोसल्यांच्या काळची सोन्याची माळ सापडली, असं सांगत कोणी दारात आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. माझ्या ताईचे आणि भाऊजींचे साडेपाच लाख रुपये असेच गेले. भाऊजी निवृत्त शिक्षक. पैसे भाचीच्या लग्नासाठी ठेवलेले होते, ती एफडी मोडून दिली.

मी स्वतः इतवारीत दागिन्यांचा कारागीर आहे. ताईचं घर माझ्या दुकानापासून पायी जाण्याइतकं जवळ. तरी मला एका शब्दाने कळलं नाही, आणि कळू नये याची तजवीज त्या लोकांनी पहिल्या दिवसापासून केली होती.

आधी ते पाणी मागायला यायचे. पन्नाशीचा एक माणूस, त्याची म्हातारी माय आणि एक पोट्टा. शेजारच्या गल्लीत पाडापाडीचं काम चालू होतं, त्यामुळे हे तिथलेच मजूर असं सगळ्यांनी धरून चाललं. म्हातारी ताईजवळ बसून नातीच्या लग्नाचं रडगाणं सांगायची. मग एका दुपारी तिच्या पदराच्या गाठीतून माती लागलेली माळ निघाली. माणूस म्हणाला, "काकाजी, पायव्यात गडवा लागला. आमी सराफाकडे गेलो त तो पोलीस बोलावते. सरकारले मालूम पडलं त सारं जमा करते. तुमी मास्तर मानूस, तुमच्यावर कोनी शक नाही घेत. फक्त कोनाले सांगू नका, घरच्यायलेही नाही."

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. रघुजीराजे भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने परत मिळवली, त्याची बातमी. बातमी खरी. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात विकलं गेलं, हेही खरं. हा इतिहास ऐकतच मोठ्या झालेल्या नागपूरकराला कोणीतरी काहीतरी पुरून ठेवलं असेल हे लगेच पटतं. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेलं, आणि हा माणूस अर्ध्याहून कमी भावात माळ देतो म्हणतो.

त्याने भाऊजींसमोर धागा तोडला, दोन पुतळ्या, म्हणजे माळेतल्या नाण्यासारख्या चकत्या, हातावर ठेवल्या आणि कुठेही कस लावून पाहा म्हणाला. भाऊजी बर्डीवर एका अनोळखी सराफाकडे गेले. कसोटीवर रेघ ओढली, तेजाब लावलं, रेघ जागची हलली नाही. हलणार कशी? त्या दोन पुतळ्या सोन्याच्याच होत्या. धागा तुटताना त्या माणसाच्या बोटांत लपलेल्या होत्या, माळेतल्या कधी नव्हत्याच. पैसे आणि माळ यांची अदलाबदल गांधीसागरच्या काठावर, तिन्हीसांजेला, घाईघाईत झाली.

पुढे ताईला राहवलं नाही आणि ती माळ घेऊन माझ्याकडे आली. मी पुतळ्या सुट्या करून पाटावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर गुडघे टेकलेल्या आकृतीच्या पाठीशी एक बारीक खळगा होता. त्याच जागी, तेवढाच. हाताने ठोकलेल्या जुन्या पुतळ्या अशा एकसारख्या कधी नसतात. कुठे छाप सरकलेला असतो, कुठे कड चेपलेली. या सगळ्या एका साच्यातून ओतलेल्या होत्या. धागा ओवायची कडी झाळून जोडलेली होती, पण वर्षानुवर्षं धाग्यावर घासून जुनी कडी आतून पातळ होते, तशी एकही नव्हती. कानशीने कड घासून तेजाबाचा थेंब सोडला, तर हिरवा फेस आला. पितळ.

आता ही पुतळी मुळात कुठली, ते सांगतो, कारण फसवणुकीची मेख तिथेच आहे. इटलीतल्या व्हेनिस नगराने १२८४ पासून सोन्याचं डुकाट नाणं पाडलं, ते तिथलं प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडेपर्यंत चालू राहिलं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर टक्के शुद्ध. व्यापारातून ती नाणी आपल्याकडे आली, बायकांच्या गळ्यात रुळली, आणि इथल्या सोनारांनी तशीच घडवायला घेतली. रोमन लिपी त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून कडेच्या अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झाल्या. त्याच रेघा दाखवून त्या माणसाने भाऊजींना सांगितलं, ही मोडी, हे रघुजीराजांचं नाव. मोडी वाचणारा कोणीही हे ऐकून उठून गेला असता. पण विचारायचं कोणाला? कोणाला सांगायचं नाही हे आधीच कबूल करून घेतलं होतं.

वजनाचंही लक्षात ठेवा. सोनं पितळेच्या दुपटीहून जड. त्यामुळे साडेतीन ग्रॅमची खरी पुतळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाड असते. तेवढंच वजन पितळेत भरायचं तर ती दुपटीहून जाड करावी लागते. ताईच्या माळेतल्या पुतळ्या अशाच जाड होत्या.

कायद्याची भीती हे या टोळीचं खरं हत्यार आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही आहे: जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे परवान्याशिवाय, चोरून विकली जाणारी "पुरातन" माळ खरी असली तरी घ्यायची नाही. आणि फसलेला माणूस याच भीतीने पुढे गप्प बसतो. भाऊजींना वाटत होतं, तक्रार दिली तर आपल्यालाच आत टाकतील. पण इथे गुप्तधन कुठे होतं? होतं ते ओतीव पितळ. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. वकिलाने हे समजावल्यावर भाऊजींनी तक्रार दिली, त्या दोन खऱ्या पुतळ्याही पोलिसांकडे जमा केल्या.

घरातला किंवा नात्यातला जुना दागिना घेताना कस लावायचा असेल तर नग तुम्ही निवडा, माळेच्या मधला, आणि तो तपासून होईपर्यंत समोरच्याच्या हातात जाऊ देऊ नका. हॉलमार्किंग केंद्रात थोड्या शुल्कात तपासणी होते, पण तिथलं यंत्र वरचा थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते फसतं. एक नग कापून आतलं बघायला सांगा. विकणारा कापू देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

ती म्हातारी आणि तो माणूस अजून सापडलेले नाहीत. वाडे पाडायचं काम महालात चालूच आहे. तुमच्या आईवडिलांना हे आज वाचून दाखवा, आणि कोणी "कोनाले सांगू नका" म्हटलं की लगेच तुम्हाला फोन करायला सांगा. माळ घरात आली असेल तर इतवारीतल्या कोणत्याही ओळखीच्या कारागिराकडे न्या. कस लावून द्यायला आम्ही पैसे घेत नाही.