रेकॉर्डबॉक्सचा पेनड्राइव्ह जुन्या-नव्या प्लेअरवर

रेकॉर्डबॉक्स हे डीजेंसाठीचे सॉफ्टवेअर मी घरी गाणी लावण्यासाठी फारसे वापरत नाही. माझ्यासाठी त्याचे काम एकच आहे, ते म्हणजे लॅपटॉपवर गाण्यांची तयारी करून ती पेनड्राइव्हवर उतरवणे आणि समारंभाच्या ठिकाणी तो पेनड्राइव्ह तिथल्या प्लेअरला लावणे. एवढ्या कामासाठी त्याची मोफत आवृत्ती पुरेशी आहे, म्हणून या परीक्षणात मासिक वर्गणीच्या योजनांचा विचार केलेला नाही.

सीडीजे-2000 हा पायोनियर कंपनीचा डीजे प्लेअर 2009 मध्ये आला, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली आणि तिचा पाया आजही भक्कम आहे. बीटग्रिड (ठेक्यांच्या जागा), वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख), क्यू (गाण्यात आपण लावलेल्या खुणा) आणि प्लेलिस्ट ही सगळी माहिती पेनड्राइव्हवरील ‘पायोनियर’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते, त्यामुळे प्लेअरला गाण्याचे विश्लेषण नव्याने करावे लागत नाही. त्याच मालिकेतल्या नंतरच्या सीडीजे-2000 नेक्सस-2 या प्लेअरवर पेनड्राइव्ह लावला की घरी रचलेली प्लेलिस्ट त्याच क्रमाने पडद्यावर येते.

अडचण सुरू होते ती प्लेअरच्या पिढ्या बदलल्या की. मागे एका हळदीच्या कार्यक्रमात साऊंडवाल्याने नेक्सस-2 कबूल केले होते आणि प्रत्यक्षात त्याआधीचे, म्हणजे 2012 चे नेक्सस आणले. पहिली दोन गाणी एमपी-3 होती, ती सुरळीत वाजली. तिसरे गाणे लोड केले, तर पडद्यावर ‘ई-8305’ हा संकेत आला, कारण ती फाइल फ्लॅक या प्रकारची होती आणि जुना नेक्सस फ्लॅक वाचतच नाही. चूक माझीच होती, पण ती कळली तेव्हा नवरीची आत्या डीजेच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली होती. निर्यात करताना समोर कोणता प्लेअर असणार हे रेकॉर्डबॉक्सला ठाऊक नसते, म्हणून फाइलची निवड आपणच सांभाळावी लागते. तेव्हापासून माझ्या कामाच्या पेनड्राइव्हवर 320 केबीपीएसची एमपी-3 किंवा 44.1 किलोहर्ट्झची एआयएफएफ (न दाबलेल्या आवाजाची फाइल) एवढेच असते. 96 किलोहर्ट्झच्या फाइली नेक्सस-2 वाजवतो, पण त्याआधीच्या नेक्ससची मर्यादा 48 किलोहर्ट्झची आहे. हॉट क्यूंचेही, म्हणजे बटण दाबताच गाणे ज्या खुणेवर उडी घेते त्यांचेही, तसेच: घरी आठ ठेवले तरी जुन्या नेक्ससवर बटणे तीनच, त्यामुळे महत्त्वाचे क्यू पहिल्या तीनमध्ये ठेवावेत.

पेनड्राइव्हच्या फॉरमॅटबाबत फॅट-32 हाच खात्रीचा मार्ग आहे. एनटीएफएस चालत नाही, आणि एक्सफॅट नेक्सस-2 सुद्धा वाचत नाही. विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी वर्षानुवर्षे 32 जीबीपर्यंतच फॅट-32 चा पर्याय देत आली आहे, हे 128 जीबीचा ड्राइव्ह विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

नव्या बाजूला गुंता वेगळाच आहे. 2023 चा ओपस-क्वाड हा डीजे संच पेनड्राइव्हवरील गाण्यांच्या यादीची ‘डिव्हाइस लायब्ररी प्लस’ ही नवी रचना वाचतो, तर नेक्सस-2 ला जुनीच लागते. पेनड्राइव्हच्या ‘पायोनियर’ फोल्डरमधल्या ‘रेकॉर्डबॉक्स’ उपफोल्डरमध्ये जुनी रचना ‘एक्सपोर्ट.पीडीबी’ या फाइलमध्ये आणि नवी ‘एक्सपोर्टलायब्ररी.डीबी’ मध्ये दिसते. ओपस-क्वाडवर जायचे असेल तर दुसरी फाइल आहे ना, एवढे तपासायला अर्धा मिनिट लागतो. ती नसेल, तर रेकॉर्डबॉक्समध्येच जुन्या लायब्ररीचे रूपांतर करता येते. पण ते लॅपटॉपवरच होते, आणि लॅपटॉप घरी ठेवायचा म्हणून तर आपण पेनड्राइव्ह घेतलेला असतो!

सेराटो हे दुसरे डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी ही वाटच नाही. सेराटोचे क्रेट, म्हणजे त्यातल्या गाण्यांच्या याद्या, हे प्लेअर थेट वाचत नाहीत. तिथे प्लेअर केबलने लॅपटॉपला जोडून केवळ नियंत्रक म्हणून वापरावे लागतात. ज्यांचा लॅपटॉप कार्यक्रमात टेबलावर असतोच, त्यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर बदलण्याची गरज नाही. भाड्याच्या, अनोळखी प्लेअरवर वाजवणाऱ्यांनी मात्र रेकॉर्डबॉक्सच घ्यावे आणि सोबत त्याच गाण्यांचा दुसरा पेनड्राइव्ह खिशात ठेवावा. माझ्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर सगळी गाणी एमपी-3 आहेत.