लघुपटासाठी चित्रपट बाजार : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत आता दरवर्षी कितीतरी लघुपट तयार होतात आणि त्यांतले काही खरोखर चांगले असतात. ते करणारी तरुण मंडळी भेटली की महोत्सवाच्या बाजारात पैसे भरून आपला लघुपट नोंदवावा की नाही, हे हमखास विचारतात. गेले वर्षभर मी एका लघुपटासह ही व्यवस्था वापरली आहे. एका युरोपीय महोत्सवाच्या बाजारात त्याची ऑनलाइन नोंदणी केली, गोव्याच्या फिल्म बाजारात प्रत्यक्ष जाऊन आलो आणि त्यानंतरचा पत्रव्यवहार आजही चालू आहे. त्यातून माझे मत असे बनले आहे की केवळ लघुपट विकण्याच्या आशेने या बाजारावर पैसे खर्च करू नयेत. परंतु पुढच्या चित्रपटाचा लिहून झालेला आराखडा हातात असेल, तर लघुपट सोबत घेऊन एकदा तरी अवश्य जावे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्याकडे तिच्याविषयी फार गैरसमज आहे. महोत्सव आणि महोत्सवाचा बाजार या एकाच गावात, एकाच आठवड्यात भरणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महोत्सवात निवड समिती चित्रपट निवडते आणि ते प्रेक्षकांना दाखवले जातात. बाजारात निर्माते, वितरक, वाहिन्यांचे खरेदीदार आणि इतर महोत्सवांचे निवडकर्ते व्यवहारासाठी एकत्र येतात. फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा बाजार १९५९ पासून भरतो, आणि तेथे लघुपटांसाठी ‘शॉर्ट फिल्म कॉर्नर’ हा स्वतंत्र विभाग २००४ मध्ये सुरू झाला. शुल्क भरून त्या विभागात लघुपट नोंदवता येतो. मात्र अशी नोंदणी म्हणजे कानच्या अधिकृत स्पर्धेतली निवड नव्हे. त्या स्पर्धेसाठी श्रेयनामावलीसह जास्तीत जास्त १५ मिनिटांची मर्यादा आहे आणि जगभरातून आलेल्या हजारो लघुपटांमधून मोजकेच तिथपर्यंत पोहोचतात. तरीही नुसत्या नोंदणीच्या बळावर ‘कान महोत्सवात निवड’ अशी बातमी छापून आणली जाते, गावात सत्कार होतात, फलक लागतात. मला हे मनापासून खुपते. ज्या निवडकर्त्यांशी पुढे अनेक वर्षे संबंध ठेवायचा आहे, त्यांना नोंदणी आणि निवड यांतला फरक पक्का ठाऊक असतो, आणि पोस्टरवरचे खोटे मानचिन्ह पाहिल्यावर ते पुढचा पत्रव्यवहारच थांबवतात.

केवळ लघुपटांचा म्हणून सर्वांत महत्त्वाचा बाजार फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ या शहरात भरतो. तेथील महोत्सवाची सुरुवात १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने झाली आणि बाजार १९८६ पासून त्याला जोडला गेला. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत, हे शहर लघुपटांनी भरून जाते. लघुपटाला मोठ्या चित्रपटाकडे जाणारी नुसती पायरी न मानता स्वतंत्र कला म्हणून वागवणारी अशी जागा जगात आहे, ही गोष्टच मला फार मोलाची वाटते.

माझा लघुपट नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, काम करणाऱ्या बायकांवर आहे. हंगामात तिथे ओली मिरची जमिनीवर वाळत पडलेली असते, बायका दिवसभर देठ खुडत बसतात आणि एखादा अवकाळी पाऊस आला की सगळा माल काळवंडतो. लघुपटातले संवाद अहिराणीत आहेत. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की बाजारात आपल्या कामाची ओळख याच तपशिलावर ठरते. ‘ग्रामीण भारतातल्या स्त्रियांचे दुःख’ असे वर्णन केलेले लघुपट तिथे शेकड्यांनी असतात. ‘मिरचीच्या वाळवणीवर अचानक पाऊस येतो तेव्हा त्या दिवसाची मजुरी कोण देते’, असे लिहिल्यावर मात्र लोक थांबून विचारतात.

ऑनलाइन नोंदणीचा अनुभव निराशाजनक होता आणि तो जसा आला तसा नोंदवतो. लघुपट त्या बाजाराच्या डिजिटल ग्रंथालयात गेला, तो कोणी पाहिला याची यादी मला दिसत होती आणि ती यादी लहानच राहिली. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पूर्ण पाहिला नाही. याचा दोष मी कोणा खरेदीदाराला देत नाही. हजारो नावांच्या यादीत अनोळखी दिग्दर्शकाचा, अनोळखी भाषेतला लघुपट कोणी आपणहून उघडावा, यासाठी आधी त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलेले असावे लागते. ज्यांना मी स्वतः चार ओळींचे पत्र लिहिले होते, त्यांच्यापैकीच काहींनी तो शेवटपर्यंत पाहिला. नुसती नोंदणी करून घरी बसणाऱ्याला या ग्रंथालयाचा उपयोग जवळपास होत नाही, असे मी आता ठामपणे म्हणेन.

विक्रीचेही वास्तव सांगितले पाहिजे. युरोपात आर्ते किंवा कॅनाल प्लस यांसारख्या वाहिन्या लघुपट विकत घेतात आणि तिथे मिनिटाच्या दराने मोबदला देण्याची पद्धत आहे. परंतु या वाहिन्यांकडे पोहोचणारे लघुपट बहुधा आधी मोठ्या महोत्सवांत निवडले गेलेले असतात किंवा एखाद्या नामांकित वितरकाच्या यादीत असतात. भारतात एकट्या लघुपटाला पैसे देऊन घेणारे ग्राहक फारच थोडे आहेत. जे आहेत ते बहुतेक वेळा जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा देऊ करतात, आणि त्या वाट्यातून सबटायटलचा खर्चही निघेल की नाही याची शंका असते. लघुपटासाठी घेतलेले कर्ज बाजारातून फेडता येईल, अशा हिशेबाने कोणीही पाऊल टाकू नये.

गोव्याचा अनुभव वेगळा होता आणि त्याविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये सुरू केलेला हा फिल्म बाजार नोव्हेंबरमध्ये इफ्फीच्या (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) सोबत पणजीत भरतो. २०२५ पासून त्याचे नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’ झाले आहे. खानदेशातून जाणाऱ्यांना भुसावळ किंवा मनमाडहून गोवा एक्स्प्रेस थेट मिळते, त्यामुळे परदेशी बाजाराच्या तुलनेत व्हिसा आणि विमानतिकिटाचा मोठा खर्च टळतो. तिथल्या ‘व्ह्यूइंग रूम’मध्ये, म्हणजे खरेदीदार आणि निवडकर्ते नोंदवलेले चित्रपट पाहतात त्या विभागात, लघुपटांनाही जागा आहे. २०२४ च्या यादीत एकूण २०८ चित्रपट होते आणि त्यांत ३० लघुपट होते, तर १४५ पूर्ण लांबीचे चित्रपट होते. बाजाराचे मन कुठे आहे, हे या आकड्यांवरूनच कळते. तिथे आलेला माणूस मुख्यतः पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी आलेला असतो.

म्हणूनच तिथे मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने लघुपटाविषयी दोन चांगले शब्द बोलून झाल्यावर ‘यानंतर काय करता आहात?’ असे विचारले. माझ्याकडे मिरचीच्याच व्यापारावरच्या एका मोठ्या चित्रपटाची पटकथा अर्धी लिहून झालेली होती आणि तिचा दोन पानी गोषवारा इंग्रजीत तयार होता. त्या दोन पानांमुळे पाच मिनिटांची औपचारिक भेट तासाभराच्या चर्चेत बदलली. लघुपट हा त्या चर्चेत पुरावा म्हणून काम करत होता : या माणसाला ही जागा माहीत आहे, तिथली माणसे त्याच्यासमोर मोकळी होतात, तो अल्प साधनांत काम पूर्ण करतो. एका अनुभवी निर्मातीने लघुपट पाहून मोठ्या पटकथेतल्या अडत्याच्या पात्राविषयी जे प्रश्न विचारले, त्यांनी पुढचे काही महिने माझ्या लेखनाची दिशा ठरवली. त्यांच्याशी आजही पत्रव्यवहार आहे. करार झालेला नाही आणि होईलच असेही मी म्हणणार नाही. परंतु असे प्रश्न विचारणारे माणूस मला धुळ्यात बसून भेटले नसते.

भेटी आधी ठरवून जाव्यात. पाहुण्यांची यादी हाती आली की प्रत्येकाने पूर्वी कोणते चित्रपट घेतले आहेत, हे पाहून निवडक लोकांनाच लिहावे आणि पत्रात पासवर्डसह दुवा द्यावा. तो दुवा फोनवरसुद्धा अडखळता कामा नये, कारण बहुतेक लोक तो प्रवासात उघडतात.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या दृष्टीने बाजाराने दिलेली सर्वांत ठोस गोष्ट हीच आहे. कोणताही गंभीर वितरक लघुपट आवडल्यावर लगेच हक्कांची साखळी मागतो : कथा कोणाची, लेखकाशी करार आहे का, संगीत कोणाचे, पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची लेखी संमती आहे का. आपल्याकडे लघुपट मैत्रीवर होतात. मित्र कॅमेरा चालवतो, मामा घर देतात, शेजारच्या काकू काम करतात आणि कागद करणे अनेकांना अविश्वासाचे वाटते. पथारीवरच्या बायकांसाठी आम्ही संमतिपत्र सोप्या मराठीत लिहिले, प्रत्येकीला ते अहिराणीत समजावून वाचून दाखवले आणि मगच सही किंवा अंगठा घेतला. त्यात एका मावशींनी ‘हे चित्र परदेशात कोण पाहणार आणि त्याचे पैसे कोणाला?’ असे विचारले, आणि त्यांच्या आग्रहावरून मोबदल्याचे कलम आम्ही नव्याने लिहिले. खानदेशात पूजल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या उत्सवातल्या गाण्याचा एक तुकडा लघुपटात आहे. तो गाणाऱ्या बायकांचीही वेगळी संमती घेतली. याउलट लांबून ऐकू येणाऱ्या बँडवरची सिनेमाची चाल ध्वनिमिश्रणातच काढून टाकली, कारण तिचे हक्क मिळवणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

ज्यांच्याकडे पुढच्या कामाचा आराखडा नाही, त्यांनी बाजारासाठी ठेवलेले पैसे ध्वनिमिश्रणावर, जाणकाराकडून तपासून घेतलेल्या सबटायटलवर आणि विचारपूर्वक निवडलेल्या महोत्सवांच्या प्रवेशशुल्कावर खर्च करावेत. माहितीपटाकडे ओढा असेल तर गोव्याच्याही आधी मुंबईचा विचार करावा. १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशन हेच मुख्य विषय आहेत आणि २०२४ मध्ये त्याला ‘डॉक फिल्म बाजार’ पहिल्यांदाच जोडला गेला. तिथे लघुपटकाराला पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या गर्दीत उभे राहावे लागत नाही, आणि जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी मुंबईत पोहोचता येते.

शेवटी यूट्यूबचा प्रश्न. खानदेशी विनोदी चित्रफितींनी अहिराणी प्रेक्षक केव्हाच मोबाइलवर आणला आहे, आणि ज्यांच्यावर लघुपट केला त्यांना तो तिथेच पाहायचा असतो. दुसरीकडे, लघुपट एकदा सार्वजनिकपणे ऑनलाइन आला की अनेक महोत्सव तो घेत नाहीत आणि खरेदीदारांचा रसही ओसरतो. महिनोन्महिने तो कुलूपबंद ठेवणे मला जड गेले. पथारीवर आणि दोन गावांच्या शाळांमध्ये आम्ही तो पडदा लावून दाखवला, कारण अशा निमंत्रितांच्या खेळांना आम्ही ज्यांच्याशी बोलत होतो त्या कोणाचाही आक्षेप नव्हता. एका वितरकाने देऊ केलेल्या करारात सर्व भाषांचे, सर्व देशांचे, सर्व माध्यमांचे हक्क अनेक वर्षांसाठी मागितले होते, वितरणाचा खर्च आधी वजा करून मगच आमचा वाटा मिळणार होता आणि त्या खर्चाला कमाल मर्यादा नव्हती. मी तो नाकारला. सध्या दुसऱ्या एका वितरकाशी बोलणी चालू आहेत. त्यात भारतातले ऑनलाइन हक्क आमच्याकडे राहावेत, खर्चाची मर्यादा आकड्यात लिहावी आणि मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत यावेत, असे तीन बदल आम्ही लेखी मागितले आहेत. पहिले दोन त्यांनी मान्य केले आहेत, तिसऱ्यावर अजून उत्तर आलेले नाही.