"लाईफटाईम" सॉफ्टवेअरच्या नादात ९,३९९ रुपये घालवले

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून द्यायचं, एवढाच धंदा. पोरं चार महिने शिकतात आणि शिरोलीत दोन हजार जास्त मिळाले की जातात. मग नव्या पोराला पुन्हा पहिल्यापासून: ऑफसेट कसा घ्यायचा, जॉब कसा बांधायचा. घसा बसतो. म्हणून ठरवलं, एकदाच व्हिडिओ करून ठेवायचे.

"काकांना कॉम्प्युटरमधलं काय कळतंय" हे महिनाभर ऐकतोय, म्हणून आधीच सांगतो. मला काय पाहिजे ते मला नीट माहीत होतं. पॅनलवरचं बटण मोठं करून दाखवता यावं, बाण काढता यावा, चित्र थांबवून वर मागाहून बोलता यावं, आणि मराठी अक्षरं लिहिली तर जोडाक्षरं फुटू नयेत. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला लागतात ते चमचमणारे इफेक्ट मला नको होते. कॅमटेशिया नावाचं सॉफ्टवेअर अशा शिकवणीच्या कामासाठीच आहे हेही वाचलं होतं. किंमत बघून गप्प बसलो होतो.

तेवढ्यात जाहिरात आली. प्रीमिअर प्रो (अडोबी कंपनीचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) आणि कॅमटेशिया दोन्ही, "लाईफटाईम", ४,९९९ रुपये. ४९९ असते तर मीच हसलो असतो. पण ४,९९९ हा आकडा असा आहे की माणसाला वाटतं, चला, स्वस्त आहे पण फुकट नाही. पैसे भरले. मग जीएसटीचे ९०० वेगळे मागितले, तेही एका बाईच्या नावावरच्या यूपीआयवर. जीएसटी कधी असा भरतात का? मी दर महिन्याला बिलं फाडतो, मला कळायला नको होतं? नाव स्क्रीनवर दिसलं, एक सेकंद बोट थांबलं, आणि पिन टाकला.

पण खरी चूक पुढे आहे. ती आठवली की रात्री झोप लागत नाही.

लिंक आली आणि फोनवरचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "सर, आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर इन्स्टॉल होणार नाही." मी केला. त्याच दिवशी सकाळी मी पहिला व्हिडिओ शूट केला होता. विषय काय? मशीनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय, कधीही बायपास करायचा नाही. कुणी कितीही घाई केली तरी नाही. हे मोबाईलपुढं हातवारे करून सांगितलं आणि दुपारी स्वतःच्या कॉम्प्युटरचा इंटरलॉक स्वतःच्या हातानं काढला. जो कोणी सॉफ्टवेअर विकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगेल, त्याचा फोन तिथंच ठेवा. पुढचं वाक्यसुद्धा ऐकू नका.

अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी उघडेना. "सर्व्हर रिन्यूअल" म्हणून ३,५०० मागितले, "परत मिळतील सर". भरले. (हे ३,५०० घरात अजून सांगितलेले नाहीत.) संध्याकाळी नंबर ब्लॉक. एकूण ९,३९९. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला १,२०० वेगळे, आणि चौदा क्लिपा गेल्या.

पुतण्यानं नंतर सांगितलं, प्रीमिअर प्रो भाड्यानंच मिळतं, अडोबीनं हे २०१३ सालीच जाहीर केलंय. म्हणजे "लाईफटाईम" हा शब्दच खोटा होता. आधी का विचारलं नाही म्हणाल, तर पुतण्याला विचारायची लाज वाटली, दुसरं काय.

लाजेपायीच चार दिवस तक्रारही केली नाही. ते करू नका. पैसे गेले की पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आधी अडवता येते. मी पाचव्या दिवशी ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी आधी चहा संपवला. मग, "पिन तुम्हीच टाकला न्हवं?" टाकला. "मग चोरी कशी?" दुसरे म्हणाले, दहा हजाराच्या आत आहे, ऑनलाईन टाका. तिसऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही चोरीचं सॉफ्टवेअर घेत होता व्हय?" सगळे हसले. मी घेत नव्हतो, मला माहीतच नव्हतं, पण तिथं उभं राहून हे सांगताना मलाच ते खरं वाटेना. बँकेत गेलो. व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, शाखेत काही होत नाही, अर्ज द्या. अर्ज दिला तर झेरॉक्स नाही. झेरॉक्स आणली तर जेवणाची सुट्टी. माझ्या दुकानात गिऱ्हाईकाला असं उभं केलं तर दुसऱ्या दिवशी शटर ओढावं लागेल.

आता काम फुकटातल्यावर चाललंय. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस, कापायला जोडायला शॉटकट. डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही चांगली, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपत नाही. जे घ्याल ते मूळ कंपनीच्याच साईटवरून घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. आणि कच्च्या क्लिपांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. किंमत आता ५,९९९. खाली "समाधानी ग्राहक, कोल्हापूर" म्हणून एका मेसेजचा फोटो लावलाय: "सॉफ्टवेअर एक नंबर चालतंय, धन्यवाद सर." तो मेसेज माझा आहे. दुसऱ्या दिवशी मीच पाठवला होता.